सासूचे चार मीटर

गिरणी, मसाका रस्ता
गुरुवार, २ एप्रिल २०२०

ती. वन्संना तेओपिस्ताचा इथूनच गुडघे टेकून नमस्कार.

रात्र कशी गेली, गुडघा कसा आहे, रेस्तेतुता आणि तिचा लहानगा कसे आहेत, पांढरी कोंबडी अंड्यांवर बसली का, हे सगळं विचारलं असं समजा. कागद एकच आहे आणि तोही पिठाच्या गोणीवरचा.

फोन लागत नाही म्हणून घाबरला असाल. तुमच्या गावातलं फोन चार्ज करायचं दुकान बंद करायला लावलंय, हे मला पिठाच्या लॉरीवाल्याकडून कळलं. त्याची लॉरी मंगळवारी आणि शुक्रवारी तुमच्या टेकडीखालच्या दुकानात येते. तिच्याबरोबर पत्र पाठवीन. उत्तर त्याच दुकानात ठेवा.

इथे असं झालं. या नव्या रोगापायी सोमवारी हुकूम आला, की कारखाना चालू ठेवायचा तर कामगारांनी आतच राहायचं, आतच झोपायचं, घरून जा-ये बंद. आमचे मुकादम काल्यांगोसाहेब फाटकात उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याला जायचंय त्यानं आत्ताच जा. नंतर बायकोची आठवण काढून रडायचं नाही. एकदा पाय बाहेर पडला की यादीतून नाव कापलं, त्या जागी दुसरा माणूस." यादीत एकोणीस नावं झाली. माझं अकरावं.

वन्सं, तुमचे भाऊ गेले त्या वर्षापासून मी या चुलीपाशी उभी आहे. चौदा वर्षं झाली. या वयात ही चूल सुटली तर दुसरी कोण देणार मला? म्हणून राहिले. काळजी करू नका. मी स्वयंपाकघराच्या पडवीत झोपते, रोझरी उशाशी असते. हमाल सगळे गोदामात झोपतात. गोदामात घूस आहे, तिला गोन्झागा नावाचा हमाल इन्स्पेक्टर म्हणतो, कारण ती न सांगता येते आणि सगळं तपासून जाते.

तुमची
तेओपिस्ता


सोमवार, ६ एप्रिल

तेओपिस्ता, आशीर्वाद.

रेस्तेतुताच्या हातून लिहवते आहे. मला बारीक अक्षर दिसत नाही, पण बारीक गोष्टी दिसतात.

तू काल्यांगोचं लिहिलंस, हमालांचं लिहिलंस, घुशीचंसुद्धा लिहिलंस. मिस्त्रीबद्दल एक अक्षर नाही. गिरणीत मिस्त्री किती? एक. त्याचं नाव काय? अनातोली. तो कोण? तुझा जावई, आणि ही जी खाली मान घालून लिहिते आहे तिचा नवरा. तो आठवडाभर घरी आलेला नाही. मग तो कुठे झोपतो? मला काय काल जन्मलेली समजतेस?

दिवसा कामावर एकमेकांना टाळत होतात तोवर मी बोलले नाही. तू चुलीशी, तो यंत्राशी, त्याचं ताट दुसऱ्याच्या हातून जायचं, ठीक होतं. पण मुक्काम? सासू-जावयानं एका छपराखाली निजायचं नाही. हाताला हात लागू द्यायचा नाही, हातातली वस्तू हातात द्यायची नाही, समोर आलात तर एकानं बाजूला व्हायचं. तुला हे मी सांगायचं? सासू-जावयाचा हा आपला ओबुको म्हणजे सरकारी हुकूम नव्हे, आज आहे आणि उद्या नाही! तो मोडला की हात थरथर कापू लागतात. माझ्या मावशीचे मरेपर्यंत कापत होते. चमच्यातली आमटी तोंडापर्यंत पोचायची नाही. शेजारी म्हणायचे म्हातारपण. आम्हाला माहीत होतं.

आपल्या रीतीप्रमाणे मुलीची आत्या म्हणून त्याला जावई करून या घरात मी आणला. उद्या लोक बोट दाखवतील ते मला. चूल गेली तर जाऊ दे. निघून ये.

पेर्पेतुआ

(आई, आत्या परसात गेली म्हणून दोन ओळी माझ्या. ती बोलते तशी कडक नाही, काल रेडिओवरच्या मिस्साच्या वेळी तुझ्यासाठी मेणबत्ती लावली. चूल सोडू नकोस. पण त्यांच्यापासून लांब राहा, मला दोघंही धडधाकट हवे आहात. — रे.)


गुरुवार, ९ एप्रिल

ती. वन्सं,

नमस्कार. लपवलं ही चूक झाली. पवित्र आठवड्यात कबुली देऊन टाकते.

अनातोली आत आहे. पण आजवर आमचं छप्पर एक नव्हतं, तो गोदामात आणि मी पडवीत. भिंतीआडून सकाळची विचारपूस होते तेवढीच. मला वाटलं, हे असंच निभेल, मग तुमच्या जिवाला घोर कशाला.

निभलं नाही. मंगळवारी आरोग्य खात्याच्या निरीक्षकबाई आल्या. उत्तरेकडच्या आहेत, गुलू शहरच्या, आपल्या रीती त्यांना ठाऊक नाहीत. वयानं लहान पण आवाज भारी. पडवीतली माझी चटई बघून म्हणाल्या, "शिजवायच्या जागी झोपायचं नाही. सगळ्यांनी गोदामात, दोन चटयांमध्ये चार मीटर."

काल्यांगोसाहेब हळूच म्हणाले, "मॅडम, या बाईंना गोदामात नाही झोपता येणार. तिथे यांचा जावई आहे."

"मग?"

"ओबुको आहे मॅडम."

बाईंनी वही उघडली. "हा कुठला आजार? कधीपासून आहे?"

"आजोबा-पणजोबांपासून."

"लक्षणं काय?"

"हात कापतात."

"मग दोघांचीही तपासणी का झाली नाही?"

वन्सं, गोन्झागा पोत्यांमागे जाऊन तोंडात सदरा कोंबून हसत होता. मला मात्र हसू आलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर बाईंनी लिहून दिलं, की शुक्रवारपर्यंत चांगल्या छपराची वेगळी खोली दाखवा, नाहीतर दोघांतल्या एकानं जायचं.

त्या गेल्यावर भिंतीपलीकडून अनातोलीचा आवाज आला, "मी जातो. त्यांनी राहावं."

मी भिंतीला म्हटलं, "मिस्त्री गेला की यंत्र बंद. यंत्र बंद झालं की चूल कुणासाठी पेटवायची?"

पलीकडे त्यानं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काट्याच्या खोलीचं छप्पर अर्धंच गेलंय."

पूर्वी पोती वजन करायची ती पडकी खोली, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. काल दिवसभर तो तिच्यावर पत्रे ठोकत होता. जावई छपरावर आणि मी खाली अंगणात, हे कसं दिसेल? म्हणून मी तोवर मक्याच्या थप्पीमागे बसून घेवडा निवडला. आज खोली तयार आहे. दार आहे, कडी आहे. गळतंय का बघायला त्यानं वरून पाच बादल्या पाणी ओतलं, थेंब आला नाही.

उद्या बाई येतील आणि त्या हो म्हणतील. पण वन्सं, मला तुमचा हो हवा. तुम्ही नको म्हणालात तर मी येईन, चालत येईन. आल्यावर मात्र मला बोलायचं नाही की तेओपिस्ता, तू हल्ली गप्प का असतेस.

तुमची
तेओपिस्ता


ईस्टरनंतरचा सोमवार, १३ एप्रिल

तेओपिस्ता,

प्रभू उठला. देवळाला कुलूप होतं तरी उठला. आम्ही अंगणातच गायलो, पलीकडच्या टेकडीवरून कुणीतरी सूर धरला.

आता ऐक. जावयानं सासूचं छप्पर शाकारणं याला आपल्याकडे कुणी वाईट म्हटलेलं नाही. माझ्या बापानंही केलं होतं. म्हणून राहा. पण असं राहा.

त्याचा रस्ता वेगळा, तुझा वेगळा. नळावर आधी तू, तुझी बादली उचलली की मग तो. द्यायची वस्तू दगडावर ठेवायची, ठेवणारा चार पावलं मागे गेला की मगच घेणाऱ्यानं पुढे यायचं. त्याच्या भांड्याला तुझा हात नको, तुझ्या भांड्याला त्याचा नको. कोपरा वळण्याआधी खाकरायचं, म्हणजे समोरच्याला बाजूला व्हायला सवड मिळते. आणि चुकून समोरासमोर आलातच तर दिसेल त्या आडोशाला शिरायचं, विचार करत उभं राहायचं नाही. तू विचार फार करतेस.

यातलं एक जरी मोडलं तर मी ही काठी घेऊन येईन. बंदी असली तरी येईन. सत्तरीच्या बाईला कोण पोलीस अडवतो ते बघते.

पेर्पेतुआ


गुरुवार, २३ एप्रिल

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचा एक नियम बदलावा लागला, रागावू नका. खाकरणं जमत नाही. मी पहिल्या दिवशी कोपऱ्यावर खाकरले, तर तीन हमाल पोती टाकून पळाले. हल्ली खोकला म्हणजे भूत. आता मी झाकणावर पळी वाजवते.

पण मला वेगळंच सांगायचंय. इथल्या पुरुषांना काल्यांगोसाहेब तीन आठवडे ओरडून सांगत होते, लांब उभे राहा, एका मगातून पिऊ नका, चिठ्ठी हातात देऊ नका. जमिनीवर खडूनं गोल काढले होते. हमाल त्या गोलांत उभे राहायचे आणि साहेबांची पाठ वळली की परत एकमेकांच्या खांद्यावर. मी पिठाच्या गोणीची फडकी धुऊन सगळ्यांना तोंडाला बांधायला शिवून दिली, तीही गळ्यात लोंबायची. काय करणार? सरकारचे चार मीटर कुणी पाहिलेत?

गेल्या सोमवारी गोन्झागा माझ्या चुलीपाशी वाकून भांड्यात डोकावला, नेहमीसारखा. मी पळी वर उचलली. म्हटलं, "माझी मुलगी तुला दिली असती तर असा वाकला असतास का रे?"

तो दोन पावलं मागे सरला. अगदी सहज, न कळता! मग आणखी दोन. मी म्हटलं, "बघ, हे झाले चार मीटर. आता असं समज की मी तुझी सासू आहे. आणि तो लॉरीवाला तुझी सासू. आणि हा लुतायाही तुझी सासूच."

लुताया सहा फूट उंच, दाढीवाला. सगळी गिरणी हसली. पण वन्सं, हसताहसता ते काहीतरी त्यांच्या अंगात शिरलं. आता कुणी जवळ आलं की दुसरा ओरडतो, "अहो जावईबापू, जरा लाज!" मक्याच्या लॉरीची चिठ्ठी फाटकातल्या दगडावर ठेवतात, ड्रायव्हर मागे गेला की उचलतात. पाण्याचा मग ज्याचा त्याचा. जेवताना पाठ करून बसतात. लुताया सकाळी मान खाली घालून सगळ्यांना विचारतो, "सासूबाई, रात्र कशी गेली?" खडूचे गोल पुसून गेले, कुणाला गरज नाही.

काल निरीक्षकबाई परत आल्या. खूप वेळ नुसत्या बघत उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "तुमच्या त्या आजाराचं नाव परत सांगा बरं." नाव वहीत लिहून घेतलं आणि गिरणीला मे अखेरपर्यंत परवानगी दिली.

आणखी एक. दरवर्षी या दिवसांत पिठाच्या धुळीनं निम्मे हमाल खोकत असतात. यंदा तोंडाला फडकं आहे तर एकही खोकत नाही. देव कुठल्या वाटेनं काय देतो!

तुमची
तेओपिस्ता


सोमवार, २७ एप्रिल

तेओपिस्ता,

पूर्वजांची रीत तू हमालांच्या थट्टेला दिलीस. हे मला आवडलेलं नाही, असं इथे नीट लिहून ठेव ग रेस्तेतुता.

आता दुसरं लिही. तुझं पत्र मी दुकानाच्या ओट्यावर तीनदा वाचायला लावलं. दुकानदार आता गिऱ्हाइकाला म्हणतो, सासूच्या अंतरावर उभे राहा. त्याला सांगितलंय की ही कल्पना आमच्या घरातली.

पेर्पेतुआ

(पांढऱ्या कोंबडीची सात पिल्लं निघाली. — रे.)


मंगळवार, १२ मे

ती. वन्सं,

नमस्कार. मागच्या आठवड्यात पत्र नाही पाठवलं, कामाची गर्दी होती. देवाच्या दयेनं मी ठीक आहे.

सध्या थोडे दिवस मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात आहे. इथेही माणसं राहतात, त्यांनाही जेवण लागतंच, म्हणून मला इकडे पाठवलंय. हवा चांगली आहे, आंब्याची झाडं आहेत. देवाच्या दयेनं खाट मिळाली. टेबल नाही, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. इथल्या नर्सबाई पत्र लॉरीपर्यंत पोचवतील.

गिरणीत सगळं ठीक असावं. तिकडे उत्तर पाठवू नका, मी तिथे नाही. देवाच्या दयेनं लवकरच परत जाईन. गेलेच तर कळवीन.

तुमची
तेओपिस्ता


गुरुवार, १४ मे

अनातोली,

हे पत्र तुला. मी तुला या घरात हात धरून आणलं, तेव्हा विचारायचा हक्क मला आहे.

तेओपिस्ता खोटं लिहिते तेव्हा देवाला मध्ये घेते. परवाच्या पत्रात तीनदा घेतलंय. शाळा बंद आहेत हे आमच्या शेळीलाही माहीत आहे, मग वसतिगृहात ही कुणाला रांधून घालते? आणि 'गेलेच तर' म्हणजे काय?

रेस्तेतुतानं मला ते पत्र उजेडात धरून दाखवलं. अक्षरं कापताहेत. चौदा वर्षांत तिचं एक अक्षर कधी ओळीबाहेर गेलं नव्हतं. ती म्हणते गुडघ्यावर लिहिलं. मी मावशीचे हात पाहिलेत, मला शिकवू नये.

खरं सांग. काय मोडलंत तुम्ही दोघांनी? हात लागला का? तिला त्यासाठीच हाकललं का? मला रागवायचं नाही. लवकर कळलं तर उपाय करता येतो. बायको इथे पत्र लिहितालिहिता रडते आहे, शाई पसरली आहे ती त्यामुळे.

पेर्पेतुआ


सोमवार, १८ मे

आदरणीय आत्याबाईंना अनातोलीचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. यंत्राचे भाग लिहितो तसं एकामागून एक लिहितो.

हात लागलेला नाही. देवाशपथ.

सोमवारी, ४ तारखेला सरहद्दीवरच्या मुतुकुलाच्या नाक्यावरून मक्याची लॉरी आली. नाक्यावर ड्रायव्हरांच्या नाकातला नमुना घेतात आणि निकाल यायच्या आधी पुढे सोडतात. हा ड्रायव्हर, रशीदी, चांगला माणूस. चिठ्ठी दगडावर ठेवून आपल्या केबिनमध्ये जाऊन आडवा झाला.

मी ग्रीसचा डबा घेऊन गोदामाचा कोपरा वळलो. पलीकडून सासूबाई घेवड्याचं मोठं भांडं दोन्ही हातांनी उचलून येत होत्या. मला नंतर कळलं, कोपऱ्यावर त्यांनी भांडं टेकवून झाकण वाजवलं होतं. पण यंत्र चालू होतं, मला ऐकूच आलं नाही. त्यांना मी दिसलो, मला त्या दिसल्या नाहीत. तुम्ही सांगितलं होतं, दिसेल त्या आडोशाला शिरायचं. आडोसा एकच होता. त्या भांड्यासकट लॉरीच्या केबिनमध्ये चढल्या आणि दार लावून घेतलं.

आणि मी तिथेच, त्या दारासमोर बसून, अर्धा तास लॉरीचा ढिला झालेला नट आवळत राहिलो. गाणं म्हणत होतो. आत्याबाई, याची मला फार लाज वाटते.

काचा बंद. आत त्या आणि रशीदी. तोंडाला फडकं कुणाच्याच नव्हतं, त्यांचं भांडं धरायला वापरलेलं. तो बिचारा दचकून उठला होता, मग त्यानं त्यांना आपल्या मुलांची नावं सांगितली म्हणे.

शुक्रवारी आरोग्य खात्याची गाडी आली. रशीदीला रोग निघाला होता. निरीक्षकबाईंनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि विचारलं, त्याच्या जवळ कोण गेलं होतं? एकेकाला विचारलं. चिठ्ठी दगडावरून घेतली. पाणी दगडावर ठेवलं. तो बाजूला गेल्यावर पोती उतरवली. कुणीच नाही. बाई वही मिटत होत्या. काल्यांगोसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मी उभा होतो तिथपर्यंत ऐकू आला.

केबिनमधलं कुणीही पाहिलेलं नव्हतं. त्या बोलल्या नसत्या तर जगाला कळलं नसतं. आणि फाटकाबाहेर पाय पडला की नाव कापलं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

मी अंगणात होतो म्हणून त्या भिंतीपलीकडे उभ्या होत्या, तिथून त्यांचा आवाज आला. "मी गेले होते. अर्धा तास." मग म्हणाल्या, "सगळ्यांचं जेवण माझ्या हातून जातं. मला आधी न्या."

त्यांना शाळेत चौदा दिवस वेगळं ठेवलंय. तिथे त्या रांधत नाहीत, त्यांनाच डबा येतो. आमचे सगळ्यांचे नमुने घेतले, एकालाही काही निघालं नाही. त्यांचाही पहिला निकाल चांगला आलाय, दुसरा शुक्रवारी. रशीदीला ताप नाही, बरा आहे.

त्यांना नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागेवर म्हणून फाटकाशी एक बाई हजर. पाठीला पिशवी, हातात पळी. काल्यांगोसाहेबांनी यादी काढली आणि अकराव्या नावावर पेन टेकवलं. ते वाईट नाहीत, एकोणीस पोटं होती त्यांच्यापुढे.

मी म्हटलं, "अकरा नंबरचं काम मी करतो."

"आणि यंत्र?"

"तेही."

"तुला शिजवता येतं?"

"पाणी उकळतं हे माहीत आहे."

साहेब म्हणाले, बाकीच्यांना विचारतो. लुताया म्हणाला, आम्ही खाऊ. गोन्झागा म्हणाला, आम्ही खाऊ, पण आधी प्रार्थना म्हणू.

नाव तसंच आहे, पेनाचा फक्त एक ठिपका पडलाय. दहा दिवस झाले. मक्याच्या पिठाच्या पोशोत गाठी होतात, घेवडा कच्चा राहतो, काल भांड्याच्या बुडाला दोन बोटं करपलं. अजून कुणी तक्रार केलेली नाही. रेस्तेतुताला सांगा रडू नको. आणि घेवड्यात मीठ आधी घालतात की नंतर, हे तुम्हा दोघींपैकी कुणी कळवलंत तर उपकार होतील.

अनातोली


गुरुवार, २१ मे

तेओपिस्ता,

हे शाळेच्या पत्त्यावर पाठवते.

अनातोलीनं सगळं लिहिलंय. मी तुला म्हटलं होतं, विचार करत उभी राहू नकोस, आडोशाला शीर. तू माझं ऐकलंस आणि मृत्यूच्या शेजारी जाऊन बसलीस. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. रीत पाळायला मी सांगितलं, माणसाचा जीव बघून पाळायची हे सांगायचं राहिलं. ते माझं.

स्वतःहून बोललीस ते बरं केलंस. तुझ्या नवऱ्यानंही तेच केलं असतं आणि मी त्यालाही मूर्ख म्हटलं असतं.

उद्याच्या निकालासाठी आम्ही दोघी आज उपाशी आहोत. तू मात्र जेव. डब्यातलं टाकू नकोस.

मीठ शेवटी, असं त्याला कळवलंय.

तुझी वन्सं,
पेर्पेतुआ


गिरणी, मसाका रस्ता
गुरुवार, २८ मे

ती. वन्सं,

नमस्कार. दुसरा निकालही चांगला आला. देवाच्या दयेनं. हे या वेळी खरंच लिहिते आहे. शनिवारी आरोग्य खात्याच्याच गाडीनं निरीक्षकबाईंनी मला फाटकात आणून सोडलं. उतरताना म्हणाल्या, "आई, परत कधी लपायचं झालं तर मोकळ्या हवेत लपा." मी हो म्हटलं.

काल्यांगोसाहेबांनी यादी माझ्यासमोर दगडावर ठेवली आणि मागे सरले. मी पुढे होऊन पाहिलं. अकरा, तेओपिस्ता नाबुकीरा, स्वयंपाक. नावावर शाईचा ठिपका आहे. त्याच्यावर बोट ठेवून मी काही वेळ उभी राहिले. गिरणीला जुलैपर्यंत परवानगी मिळाली आहे, ती नोटीस शेजारीच लावलीय.

मग स्वयंपाकघरात गेले आणि वन्सं, मला बसावंच लागलं. मोठं भांडं आतून काळं कोळसा. पळीचा दांडा तुटलेला, त्याला यंत्राचा नट लावून जोडलाय. पंधरा दिवस हे लोक काय खात होते देव जाणे! गोन्झागाला विचारलं तर म्हणाला, "सासूबाई, आम्ही डोळे मिटून खायचो. पहिल्यांदा आमच्या प्रार्थनेत इतकी तळमळ होती."

पण सगळे बारीक झालेले असूनही अठराच्या अठरा जागेवर आहेत.

दोन दिवस मी भांडं घासलं. मंगळवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून अनातोली म्हणाला, "एक विचारायचं होतं. चौदा वर्षांत त्यांना एक दिवस सुट्टी नाही. उद्या बुधवार. यंत्राला तेल द्यायचा दिवस, ते दुपारपर्यंत बंदच असतं. उद्या मी शिजवलं तर?"

मी म्हटलं, "आता मीठ कधी घालायचं ते कळलं का?"

"शेवटी. आत्याबाईंनी लिहिलंय."

काल मी काट्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर नुसती बसले. हातांना काय करावं कळेना, शेवटी रोझरी घेतली. दुपारी लुतायानं माझं ताट आणून दगडावर ठेवलं. पोशो, घेवडा, कडेला एक कांदा, त्याचे चार तुकडे फुलासारखे कापलेले. मी वाढलेली ताटं हजारो झाली असतील वन्सं, पण या गिरणीत माझ्यासाठी कुणी वाढलेलं पान मी कालच पहिल्यांदा पाहिलं.

जावयानं आपल्या हातानं रांधलेलं सासूनं खावं की नाही, याबद्दल आपल्या रीतीत काय आहे ते मला आठवेना. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण लॉरी शुक्रवारी, आणि पोशो गरम होता.

काय असेल ते कळवा. मीठ थोडं कमी पडलं होतं. मी पानात काही ठेवलं नाही.

तुमची
तेओपिस्ता